रेषेतला नायक आणि सीमेवरचा प्रेक्षक : कार्टूनपासून सजीव चित्रपटापर्यंतचा प्रवास, धर्माबादच्या बाजूने

दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे गाजलेल्या कार्टून मालिकेतील पात्रे माणसांकडून, म्हणजे प्रत्यक्ष नट-नट्यांकडून वठवून घेऊन सहकुटुंब पाहण्याजोगा हलकाफुलका चित्रपट तयार करणे, हा प्रकार सामान्यतः अमेरिकी चित्रव्यवसायाची निर्मिती मानला जातो, आणि ज्या अर्थाने तो एक स्वतंत्र व्यापारी चित्रप्रकार म्हणून ओळखला जातो त्या अर्थाने हे खरेही आहे. अशा चित्रपटाला चित्रव्यवसायात ‘लाइव्ह ॲक्शन’ म्हणतात. या लेखात त्याला सजीव चित्रपट म्हटले आहे. मात्र चित्रात पाहिलेल्या पात्राला देह देण्याची क्रिया त्या व्यवसायापेक्षा पुष्कळ जुनी आहे आणि गोदावरीच्या खोऱ्यात तिला स्वतःचा इतिहास आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत वसलेल्या धर्माबादच्या बाजूने हा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : रेषेतील पात्राला गाव नसले तरी चालते, भाषा नसली तरीही चालते; परंतु त्याला देह मिळाला की त्या देहाने कोणत्या गावचे व्हावे आणि कोणाच्या बोलीत बोलावे, हा प्रश्न टाळता येत नाही.

धर्माबादचे स्थान या विवेचनात केवळ पार्श्वभूमी म्हणून आलेले नाही. लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातून गोदावरीच्या खोऱ्यात जी मीटरगेज रेल्वे सुरू झाली, तिने हा सारा टापू एका बाजूने मनमाडमार्गे मुंबईशी आणि दुसऱ्या बाजूने हैदराबादशी जोडला. धर्माबादनंतर गाडी बासरला थांबते आणि त्यापुढे गोदावरी ओलांडते. बासरच्या सरस्वतीच्या देवळात मुलांचा अक्षराभ्यास, म्हणजे पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेण्याचा विधी, करण्यासाठी तेलुगू कुटुंबांप्रमाणेच नांदेडकडील मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राजधानी बदलली, परंतु बाजार, दवाखाना, शिक्षण आणि सोयरीक यांची पूर्वेकडे जाणारी वाट बदलली नाही, आणि मराठी, तेलुगू, दखनी उर्दू या तिन्ही भाषांची ये-जा तिथल्या रोजच्या बोलण्यात कायम राहिली. हैदराबादेत तयार होणारी करमणूक धर्माबादेत परक्या ठिकाणची वाटत नाही, याचे मूळ या इतिहासात आहे.

चित्रातून कथा सांगण्याची परंपरा या खोऱ्यात चित्रपटाच्या कितीतरी आधीची आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख असल्याचे अभ्यासक सांगतात. ही कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. पुढील काळात महाराष्ट्रात चित्रकथी या नावाने ओळखल्या गेलेल्या कथेकऱ्यांनी ही कला जोपासली. कागदावर रंगवलेली चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची, त्यांची क्रमवार पोथी बांधायची आणि वाद्यांच्या साथीवर आख्यान गात एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरायचे, अशी तिची पद्धत होती. सिंधुदुर्गातील पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने ती आजपर्यंत टिकवली आहे, तर पैठण परिसरातून मिळालेल्या अशाच चित्रांच्या संग्रहामुळे ‘पैठण शैली’ हे नाव रूढ झाले. त्यांपैकी अनेक चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. सीमेपलीकडे तेलंगणात चेरियाल येथील नकाशी चित्रकार लांब पटावर एकाखाली एक चौकटी आखून कथा रंगवत आणि जातिपुराणे सांगणारे कथेकरी तो पट हळूहळू उलगडत. स्थिर चित्र, त्याचा ठरलेला क्रम आणि त्याला जोडलेला आवाज या तीन घटकांवर पुढे कार्टूनची जी रचना उभी राहिली, ती यंत्राशिवाय या दोन्ही परंपरांत सिद्ध झालेली होती.

त्याच पैठणात देहाची परंपराही घडली. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात रचलेल्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशी गावात रोज दिसणारी माणसे बोलू लागली, आणि ती सोंगे घेऊन सादर करण्याची रीत पडल्यामुळे ‘सोंगी भारूड’ हा प्रकार सिद्ध झाला. उत्सवाच्या शेवटी होणारे लळित, दारोदार फिरणारे बहुरूपी, किनवट–आदिलाबाद पट्ट्यातील गोंडांचे दंडारी नाच आणि निजामाबाद भागातील चिंदू कलावंतांचे यक्षगान ही सारी याच कुळातील रूपे होत. येथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. चित्रकथीचा राम कोणत्याही एका गावचा नसतो, पण सोंगी भारुडातला जोशी मात्र त्या गावच्या बोलीतच बोलतो, त्या गावच्या माणसांना नावाने हाक मारतो आणि त्यांच्या रोजच्या अडचणींवर बोट ठेवतो. चित्र सर्वांचे राहू शकते, सोंग मात्र समोर बसलेल्यांचे व्हावे लागते, असा नियम या परंपरेने न लिहिता पाळला होता.

छापील चित्रकथेच्या काळात ही दोन्ही सूत्रे एका संस्थेत एकत्र आली. १९४७ च्या जुलैमध्ये मद्रासहून बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी ‘चंदामामा’ हे मुलांचे मासिक तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केले आणि १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघू लागली. एकाच कथेची तीच चित्रे गोदावरीच्या अलीकडे मराठी मुले पाहत होती आणि पलीकडे तेलुगू मुले. चित्र एकच राहून खालचा मजकूर तेवढा बदलत होता. याच नागी रेड्डी–चक्रपाणी यांच्या विजया प्रॉडक्शन्सने १९५७ मध्ये के. व्ही. रेड्डी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘मायाबाजार’ हा चित्रपट तेलुगू आणि तमिळमध्ये आणला. महाभारताच्या भोवती वाढलेल्या लोककथेवर तो आधारलेला आहे. तिची नायिका तेलुगूत शशिरेखा म्हणून, तर मराठीत वत्सला म्हणून ओळखली जाते आणि मराठीत ही कथा वत्सलाहरणाच्या नावाने रंगभूमी व पडदा या दोन्ही ठिकाणी येऊन गेली आहे. एस. व्ही. रंगाराव यांनी उभा केलेला भीमपुत्र घटोत्कच लग्नघरची पंगत एकटाच फस्त करतो आणि पक्वान्ने आपोआप उडून त्याच्या तोंडात जातात, हे छायालेखक मार्कस बार्टली यांनी साधलेले दृश्य तेलुगू प्रेक्षकांच्या अनेक पिढ्यांच्या लक्षात राहिले आहे. कार्टूनमध्ये जे सहज शक्य असते ते हाडामांसाच्या नटाकडून कॅमेऱ्याच्या युक्तीने करवून घेणे हे सजीव चित्रपटाचे मुख्य तांत्रिक काम येथे पूर्णपणे साधले होते. त्याशिवाय घटोत्कचाचा आवाज, हसणे आणि खाण्याची हौस यांना अस्सल तेलुगू घराची ओळख होती.

कार्टूनचा स्वतःचा इतिहास भारतात चित्रपटाइतकाच जुना आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित करणाऱ्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. आगकाडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, अशा रीतीने निर्जीव वस्तू हलताना दाखवण्याचे तंत्र त्यात होते. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला. स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये व्यंगचित्रपट विभाग उभारला; क्लेअर वीक्स या अमेरिकी तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली तेथे जातककथेवर ‘द बनियन डियर’ हा लघुपट तयार झाला आणि जी. के. गोखले, राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्या विभागातून पुढे आले. मूळच्या मुंबईकर असलेल्या विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट पुढे दूरदर्शनवरून पुनःपुन्हा दाखवला गेल्यामुळे देशभरातील मुलांच्या स्मरणाचा भाग झाला. हे काम गुणवत्तेने मोठे होते, पण संख्येने थोडे होते, आणि त्याचे कारण तंत्रातच होते : पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी धावतात, तेव्हा पूर्ण हालचाल दाखवणाऱ्या दहा मिनिटांच्या लघुपटालाही हजारो रेखाचित्रे हाताने काढावी लागत.

ही अडचण अमेरिकेत हॅना–बार्बेरा या १९५७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने दूरचित्रवाणीपुरती सोडवली. तिने मर्यादित ॲनिमेशनची पद्धत रूढ केली, म्हणजे पात्राचे धड स्थिर ठेवून केवळ डोके, ओठ किंवा हात यांचीच नवी चित्रे काढायची आणि मागचा देखावा पुनःपुन्हा वापरायचा. योगी अस्वलाच्या गळ्यातील कॉलर आणि टाय ही केवळ वेशभूषा नव्हती. स्थिर धड आणि हलणारे डोके यांचा सांधा त्याखाली झाकला जात असे. या काटकसरीमुळे दर आठवड्याला मालिका देणे शक्य झाले आणि १९६० मध्ये सुरू झालेली ‘द फ्लिंटस्टोन्स’, १९६७ ची ‘जॉर्ज ऑफ द जंगल’, १९६९ ची ‘स्कूबी-डू’ अशा मालिका एका पिढीच्या बालपणाशी जोडल्या गेल्या. ती पिढी आईबापांच्या वयाची झाली तेव्हा याच मालिकांचे सजीव चित्रपट निघाले : ‘द फ्लिंटस्टोन्स’ १९९४ मध्ये, ‘जॉर्ज ऑफ द जंगल’ १९९७ मध्ये आणि ‘स्कूबी-डू’ २००२ मध्ये. आईबापांना स्वतःचे बालपण दाखवायचे आणि मुलांना नवा पडदा द्यायचा, अशा दुहेरी आवाहनावर हा चित्रप्रकार उभा राहिला. त्याच्या आधी १९८० मध्ये रॉबर्ट ऑल्टमन यांनी ‘पॉपाय’ या पात्रावर सजीव चित्रपट केला होता आणि त्यासाठी माल्टा बेटाच्या किनाऱ्यावर एक संपूर्ण गाव उभारले होते; रेषेतल्या नाविकाला देह देताना त्याला राहायला गाव द्यावे लागले, ही घटना या प्रकाराची मूळ गरज स्पष्ट करते.

मराठवाड्यातील लहान गावांत कार्टून पोहोचले ते प्रथम दूरदर्शनच्या प्रक्षेपणाबरोबर. १९८० च्या दशकात लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले, आणि १९८७–८८ मधील रविवारच्या ‘रामायण’ मालिकेने कॅलेंडरच्या व पोथीच्या चित्रांतून परिचित झालेली रूपे सजीव स्वरूपात घराघरांत आणली. १९९३ मध्ये ‘द जंगल बुक’ ही जपानमध्ये तयार झालेली कार्टून मालिका हिंदी रूपात आली तेव्हा तिच्यातील शेरखानाला नाना पाटेकर यांनी आवाज दिला. आवाज हा रेषा आणि देह यांच्या मधला दुवा असतो. रेखाटलेला वाघ परदेशी राहतो, पण त्याची हुकमत ओळखीच्या माणसाची होते, आणि मालिका आपली वाटण्यास तेवढे पुरते. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात आली, दशकाच्या अखेरीस तिच्या मालिका हिंदीत ऐकू येऊ लागल्या, आणि २००४ मध्ये पोगो वाहिनी सुरू झाली. केबलच्या जोडणीबरोबर या वाहिन्या तालुक्याच्या गावांपर्यंत गेल्या. घरात मराठी, बाजारात मराठी-तेलुगू-दखनी आणि कार्टूनमध्ये हिंदी अशी भाषांची वाटणी सीमाभागातील मुलांच्या आयुष्यात या काळात पक्की झाली.

याच वेळी हैदराबाद हे दूरचित्रवाणीचे मोठे निर्मितिकेंद्र होत होते. रामोजी फिल्म सिटी १९९६ मध्ये उभी राहिली आणि ९ जुलै २००० रोजी ई टीव्ही मराठी ही वाहिनी तेथूनच सुरू झाली. निजामाच्या राजधानीतून मराठी घरांकडे येणारी करमणुकीची ही वाट नव्या तंत्राने पुन्हा वाहती झाली. राजीव चिलका यांनी २००१ च्या सुमारास हैदराबादेत ग्रीन गोल्ड ॲनिमेशन ही संस्था काढली आणि तिची ‘छोटा भीम’ ही मालिका २००८ मध्ये पोगोवर आली. ढोलकपूर नावाच्या काल्पनिक राज्यातील हा नऊ वर्षांचा बलवान मुलगा महाभारतातील भीमाचे नाव घेतो, परंतु त्याची कथा महाभारताची नाही. चुटकी, राजू, जग्गू माकड, कालिया, ढोलू-भोलू ही त्याची मंडळी, टुनटुन मौसीचे लाडू हे त्याच्या बळाचे साधन आणि राजा इंद्रवर्मा हा त्याच्या गावचा धनी. या रचनेतील कौशल्य ढोलकपूरच्या अनिश्चिततेत आहे. तेथे धोतर आहे पण ते कोणत्याही प्रांताचे नाही, देऊळ आहे पण ते कोणत्याही शैलीचे नाही, आणि बोलली जाणारी हिंदी कोणत्याही गावची नाही. म्हणूनच ती मालिका तेलुगू, तमिळ व इतर भाषांत अडचणीवाचून गेली. याच पात्राच्या रांगत्या वयावर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने ‘माइटी लिटल भीम’ ही मालिका आणली तेव्हा तिच्यात संवादच ठेवले नव्हते, आणि भाषा काढून टाकल्यामुळे ती भारताबाहेरही दूरवर पाहिली गेली. रेषेतील नायकाला भाषेची आणि गावाची गरज नसते, याचा याहून ठोस पुरावा सापडणे अवघड आहे.

२०१२ च्या मे महिन्यात दोन बालचित्रपट आले आणि त्यांनी दोन भिन्न मार्ग दाखवले. हैदराबादच्या चमूने ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान’ हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट चित्रगृहांत आणला, तर पुण्याच्या चमूने श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली ‘चिंटू’ हा मराठी सजीव चित्रपट प्रदर्शित केला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ‘चिंटू’ ही चित्रमालिका १९९१ पासून दैनिक ‘सकाळ’मध्ये रोज येत होती; तिचे मूळ दूरचित्रवाणीचे नसून वृत्तपत्राचे होते, तरी वीस वर्षे रोज भेटणाऱ्या रेखाचित्राला देह देण्याचा मराठीतील हा सर्वांत स्पष्ट प्रयोग होय. तीन-चार चौकटींत संपणाऱ्या विनोदाला दोन तासांची कथा मिळावी म्हणून मुलांची टोळी, वसाहत आणि खेळाच्या मैदानावर आलेले संकट असा विस्तार करण्यात आला, आणि चिंटूच्या आईवडिलांच्या भूमिका विभावरी देशपांडे व सुबोध भावे यांनी केल्या. वृत्तपत्रातील चौकटीत चिंटूच्या घराला पत्ता नव्हता. चित्रपटात त्या घराला जिना, शेजार, क्रिकेटची खेळपट्टी आणि पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात बोलली जाते तशी मराठी मिळाली. देह देताना गाव द्यावे लागते हा नियम पुण्याच्या बाबतीत पाळला गेला आणि पुढील वर्षी त्याचा दुसरा भागही निघाला. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे आधी पुस्तकातून, मग दूरदर्शनच्या मालिकेतून आणि २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटातून असा तीन टप्प्यांनी पडद्यावर आला. या चित्रपटाचे एक निर्माते रितेश देशमुख लातूरजवळील बाभळगावच्या कुटुंबातले, पण नायकाचे गाव फुरसुंगी आणि कर्मभूमी पुणे हीच राहिली. मराठी बालनायक देह धारण करतो तेव्हा तो बहुधा पुण्यातच करतो, हे या उदाहरणांवरून दिसते. त्याचे कारण लेखक, वृत्तपत्रे आणि प्रकाशनसंस्था यांच्या एकवटलेपणात शोधावे लागते.

‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान’ हीच कथा घेऊन राजीव चिलका यांनी ३१ मे २०२४ रोजी सजीव चित्रपट प्रदर्शित केला. ढोलकपूरची मुले सोनापूर या शापित नगरीकडे ओढली जातात, दमयान नावाचा बंदिस्त दुष्ट शक्तिमान त्यांच्या हातून नकळत मुक्त होतो आणि त्याला आवरण्यासाठी त्यांना हजार वर्षे मागे जावे लागते, असा तिचा सांगाडा आहे. यज्ञ भसीन याने भीमाची, अनुपम खेर यांनी गुरू शंभूंची आणि मराठी रंगभूमीवरही काम केलेल्या मकरंद देशपांडे यांनी स्कंदीची भूमिका केली. भारतीय दूरचित्रवाणीच्या लोकप्रिय कार्टूनवरून त्याच्या मूळ निर्मात्यानेच कौटुंबिक सजीव चित्रपट करण्याचे हे ठळक उदाहरण असल्यामुळे इतिहासात त्याला स्थान आहे, आणि त्यापुढील अडचणीही म्हणूनच नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली अडचण वयाची होती. रेषेतला भीम २००८ पासून नऊ वर्षांचाच आहे, परंतु त्याच्याबरोबर वाढलेला प्रेक्षक २०२४ मध्ये महाविद्यालयात होता. देहधारी भीमाला कोणते तरी एक वय घ्यावे लागले आणि तो कार्टूनमधल्या मुलापेक्षा थोराड झाला. दुसरी अडचण वजनाची होती. कार्टूनमध्ये लाडू खाऊन राक्षसाला आकाशात भिरकावणारा मुलगा कोणालाही खटकत नाही, कारण रेषेला वजन नसते. माणसाच्या मुलाने तेच केले की पाहणाऱ्याला दोर, संगणक आणि निळा पडदा जाणवू लागतो. ‘मायाबाजार’च्या घटोत्कचाने ही अडचण ओलांडली, कारण त्याच्या अवाढव्यपणाची सुरुवातच नटाच्या देहातून आणि आवाजातून झाली होती, युक्तीने त्यात केवळ भर घातली. तिसरी अडचण सर्वांत खोल होती : ढोलकपूर कोठे आहे? कार्टूनमध्ये हा प्रश्न पडत नाही. सजीव चित्रपटात मात्र भिंत कोणत्या मातीची, पागोटे कोणत्या घाटाचे आणि मौसी कोणत्या बोलीत रागावते, हे प्रत्येक दृश्यात ठरवावे लागते, आणि ते कोठलेच ठरवले नाही तर पडद्यावर गाव उभे न राहता सजावट उभी राहते. मालिकेला लाभलेले प्रेम या चित्रपटाच्या वाट्याला त्या प्रमाणात आले नाही. त्याची सारी जबाबदारी एका कारणावर टाकणे योग्य नसले, तरी गावाविना आलेला देह हे त्यांपैकी एक कारण निश्चित आहे.

धर्माबादच्या प्रेक्षकाची स्थिती यातून स्पष्ट होते. पुण्याचा चिंटू त्याच्या भाषेत बोलतो, पण त्याच्या बोलीत बोलत नाही. हैदराबादचा भीम त्याच्या शेजारच्या शहरात जन्मला, पण त्याने त्या शहराची दखनी किंवा तेलुगू लकब अंगी न लावता सर्वदेशीय हिंदी स्वीकारली. मोठ्यांच्या चित्रपटांनी प्रादेशिक बोलींना पडदा दिला आहे : नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ सोलापूर–करमाळ्याकडील मराठी घेऊन आले, तेलंगणाची तेलुगू बोली गेल्या काही वर्षांत तेलुगू चित्रपटात नायकाच्या तोंडी सन्मानाने आली आहे. कार्टून आणि त्यावरून होणारे बालचित्रपट यांच्यात मात्र हे घडलेले नाही, कारण तेथील अर्थकारण अनेक भाषांत एकाच चित्राची विक्री करण्यावर चालते आणि बोली हा त्या विक्रीतला अडथळा समजला जातो. २०२१ मध्ये हैदराबादहूनच सुरू झालेल्या ई टीव्ही बाल भारतच्या मराठी वाहिनीने मुलांना मराठीत कार्टून दिले ही मोलाची गोष्ट होय; पण तीही मुख्यतः एका चित्राला अनेक आवाज जोडण्याचीच रीत आहे, ‘चांदोबा’च्या रीतीचे पुढले रूप.

ही रीत दोषास्पद ठरवण्याचे कारण नाही. चित्र सर्वांचे असणे हा त्याचा गुण आहे, आणि धर्माबादच्या मराठी मुलाने व बासरच्या तेलुगू मुलाने एकाच भीमावर प्रेम करावे हे सीमेच्या दोन्ही बाजूंना जोडणारेच आहे. आग्रह धरायचा तो पुढच्या पायरीचा. ज्या दिवशी त्या नायकाला देह दिला जाईल, त्या दिवशी तो मिरचीच्या बाजारातून चालत यावा, रेल्वेने सीमा ओलांडून अक्षराभ्यासाला गेलेल्या मुलांच्या ओळखीचा असावा आणि एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात दखनी बोलताना त्याला संकोच वाटू नये. यासाठी लागणारे जवळजवळ सर्व साहित्य या टापूच्या हाताशी आहे : हैदराबादेत ॲनिमेशनचे आणि चित्रणाचे तंत्र आहे, पुणे–मुंबईत मराठी बालसाहित्याचा आणि बालनाट्याचा अनुभव आहे, गोदाकाठी चित्रकथा आणि सोंग या दोन्हींची जिवंत स्मृती आहे. कमतरता आहे ती सीमेवरच्या मुलाला केवळ ग्राहक न मानता कथेचा नायक मानण्याच्या निर्णयाची. एकनाथांनी आपल्या भारुडांत गावातल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या बोलीसह मध्यभागी उभे केले तेव्हा त्यांनी हाच निर्णय घेतला होता, आणि त्या सोंगांना चार शतकांनंतरही प्रेक्षक मिळतो, यावरून बोली ही लोकप्रियतेच्या आड येते हा व्यवसायातील समज इतिहासाला मान्य नाही, असा निष्कर्ष निघतो.